पाहुण्यांची फळी

आबांच्या टेबलावर कुणीही फोन ठेवला की पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला नसायचा, फोनला असायचा. फोन पालथा करायचे, डोळ्याला घड्याळजीचं भिंग अडकवायचे, पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायचे आणि विचारायचे, "कोणतं गाव?"

गिऱ्हाईक बिचारं सांगायला जायचं, "आम्ही जामनेरचे."

"तुम्हाला नाही हो भाऊ. याला विचारतोय."

मग उत्तरही स्वतःच द्यायचे. "हा आखातातला. याच्यात व्हिडिओ कॉलचं बटण शोधू नका, ते तिकडेच काढून टाकतात." "हा चीनचा. दोन सिमं घेईल, पण बाकी सगळा कारभार चिनी." "हा अमेरिकेचा, अगदी नवा. याला सिमचा कप्पाच नाही, बघा. तोंडच नाही तर घास कुठे भरवू?" एकाच कंपनीचा, एकाच नावाचा फोन, दिसायला जुळे भाऊ, पण गाव बदललं की स्वभाव बदलतो, हे मला आबांनी शिकवलं. नाहीतर माझ्या लेखी फोन म्हणजे फोन, वाजला की उचलायचा.

जळगावच्या बसस्टँडजवळ एक जुनं मार्केट आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान: झेरॉक्स, टायपिंग, पीकविम्याचे फॉर्म, लॅमिनेशन. समोर आबांचं. मधे चार फुटांचा बोळ. बारा वर्षं आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर बसलो. मला बोलल्याशिवाय करमत नाही आणि आबांना बोलायचा कंटाळा, त्यामुळे आमचं छान जमलं. मी त्यांना आबा म्हणायचे, ते मला माय म्हणायचे. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण आपल्या खानदेशात माय म्हणायला वय लागत नाही.

आबा मूळचे साक्रीकडचे. तरुणपणी टेलिफोनच्या खांबांवर चढायचं काम केलं. लग्न केलं नाही. धुळ्याला एक बहीण, बाकी कुणी नाही. गिऱ्हाइकांशी शहरातली मराठी बोलायचे, पण मनातलं खरं काही सांगायचं झालं की अहिराणीत शिरायचे. मला ती खूण माहीत झाली होती. आबा "आहे"ऐवजी "शे" म्हणाले की कान टवकारायचे.

त्यांच्या पाठीमागे एक लाकडी फळी होती. तिच्यावर अकरा फोन ओळीनं उभे. हे सगळे परदेशातून आलेले, तिकडच्या एकाच कंपनीला बांधलेले. मामानं, भाच्यानं, जावयानं कौतुकानं पाठवायचा, माणसानं हौसेनं इथलं सिम घालायचं आणि पडद्यावर अक्षरं यायची, "सिम नॉट सपोर्टेड". मग सुरू व्हायचा शिमगा. एक केळीवाला तर माझ्या दुकानात येऊन ओरडला होता, "एवढा भारी फोन, अन् याला आपल्या देशाची हवा चालत नाही? हे काय नाटक आहे हो ताई?" जसं काही मीच बनवला. त्या तिकडच्या कंपनीला फोन लावा, मेल करा, उत्तर एकच: ज्याच्या नावावर खातं आहे त्यानं स्वतः मागणी करावी. तो माणूस कुठे, आपण कुठे. लोक वैतागून फोन आबांकडे टाकून जायचे आणि परत यायचेच नाहीत.

असल्या फोनांचं लॉक खालच्या मजल्यावरची दुकानं तोडून द्यायची. आबा तोडायचे नाहीत. "पाहुणे आहेत ते," म्हणायचे, "त्यांना आपल्या घरचं पाणी चालत नाही, तर जबरदस्ती कशाला?" दर मंगळवारी एकेकाला उतरवून पुसायचे, चार्ज करायचे, परत उभा करायचे. घड्याळं मात्र बदलायचे नाहीत. त्यामुळे त्या फळीवर भर दुपारी कुठे पहाटेचे चार वाजलेले असायचे, कुठे रात्रीचे अकरा. उन्हाळ्यात बोळात माणूस नसायचं, पत्रा तापून तडतडायचा आणि समोर त्या अकरा वेगवेगळ्या वेळा उजळलेल्या दिसायच्या. मी खुर्ची फिरवून बसायचे. खोटं कशाला बोलू, मला ती फळी आवडायची नाही.

कधी कधी आबा त्यातला एखादा कानाला लावून डोळे मिटून बसायचे. सिम नाही, कॉल नाही, काही नाही.

"काय ऐकू येतं हो आबा?"

"काही नाही."

"मग ऐकता काय?"

"प्रत्येकाचं काही नाही वेगळं असतं, माय."

आता अशा माणसाला काय म्हणावं! मी हात जोडायचे आणि लॅमिनेशनला लागायचे.

त्या फळीवर एक जपानचा फोन होता. त्या देशाच्या फोनात फोटो काढताना खट् असा आवाज होतोच, काही केलं तरी बंद करता येत नाही, असं आबा सांगायचे. एकदा लाइट गेलेली, आम्ही दोघं बोळात स्टूल टाकून डबा खात होतो. दुकानात कुणी नाही. आणि आतून आवाज आला, खट्. मी घास हातात धरून बसले. आबा उठले, बघून आले, जेवायला लागले. "काय होतं?" म्हटलं. "पाहुण्यानं फोटो काढला," म्हणाले, जसं मांजर आडवी गेली म्हणावं. माझी चिकित्सा जाते कुठे! मी जाऊन तो फोन उघडून पाहिला. फोटो आबांच्या छताचा होता. पंखा फिरत होता, पाती पुसटलेली. लाइट जाऊन तासभर झाला होता. मी मनाशी म्हटलं, जुना फोटो असेल. तारीख बघितली नाही. बघायची हिंमत झाली नाही.

पण आबांची खरी कीर्ती वेगळीच होती. फोनबद्दल ते खोटं बोलायचे नाहीत. म्हणजे कशासाठीच नाही. एकदा एक व्यापारी होणाऱ्या जावयासाठी नवा फोन घेऊन आला, नुसती काच लावायला. सोबत सगळे सोयरे, जावईसुद्धा. आबांनी भिंग लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा एकदा कुणाच्या तरी खिशात नांदून आलाय. आतला स्क्रू फिरलेला आहे." व्यापाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मी नंतर झापलं, "आबा, गोड बोलायला काय जातं तुमचं? गिऱ्हाईक गेलं ना!"

"जाऊ दे. फोनबद्दल लबाड बोललं का फोन ऐकतस."

"ऐकतात! आणि करतात काय?"

"ते मला नाही माहीत. म्हणून तर बोलत नाही."

सगळ्या मार्केटला हे ठाऊक होतं. आबा म्हणाले म्हणजे तसंच. चोरीचा म्हणाले तर चोरीचा, मेला म्हणाले तर मेला. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

अक्का पहिल्यांदा आली ती बाजाराच्या शनिवारी. यावलच्या पुढच्या एका गावची, केळीच्या बागेवाल्या घरातली थोरली सून, पन्नाशीची. नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा अमेरिकेत कुठल्याशा गोदामात कामाला. त्यानं आपला वापरातला फोन गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाजवळ दिला होता. "आई, याले लॉक हाये. सहा महिने झाले का मी इकडून अर्ज करतो, ते काढून देतील. मंग तुह्यं सिम टाक," असं त्यानं सांगितलं होतं. त्यानंतर दोन वेळा त्याचा कॉल आला. मग बंद. त्याचा नंबर लागेना. त्याच्यासोबत राहणारी पोरं खोली सोडून गेलेली. सरकारी दारी अर्ज झाले, ते मीच टाइप केले. चौकशी चालू आहे एवढंच उत्तर आलं. असं करत दीड वर्ष गेलं.

अक्का दर शनिवारी अकराच्या एसटीनं यायची. पदरातून फोन काढायची, आबा त्यात दुकानातलं सिम घालायचे आणि दोघं पडद्याकडे बघायचे. अक्काला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती कोपऱ्यातल्या दांड्या बघायची. दांड्या यायच्या नाहीत. आबा म्हणायचे, "नाही चालत, अक्का." ती म्हणायची, "बरं." फोन पदरात बांधून बाजाराला जायची. मला राग यायचा. सरळ खाली नेऊन लॉक तोडून द्यावं, बाईला निदान त्यात पोराचे फोटो तरी नीट बघता येतील, हेलपाटे वाचतील. तोंडावर आलेलं मी गिळायचे.

मग एकदा तिच्यासोबत तिचा दीर आला. नाना. गावात मान असलेला माणूस, बोलायला शांत. त्यानं आबांना नमस्कार केला आणि म्हणाला, "आमच्या वहिनीले समजवा आबा. यंदा कानबाईले मूठ कशी भरायची, सांगा तुम्ही."

हे खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्याकडची देवी, घरात बसते. बाहेरगावी गेलेला माणूस त्या दिवशी घरी येतो. आदल्या दिवशी रोटाचं, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांचं, दळण होतं. त्यांच्या घरात घरच्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, नाव मोठ्यानं म्हणून. लांब असला तरी त्याची मूठ असते. गेलेल्याची नसते. गेलेल्याच्या नावानं मूठ घेतली तर सगळ्या घराचा रोट बाटतो, असा त्यांच्याकडचा कडक समज. आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. म्हणजे अक्काच्या पोराची मूठ हा एकट्या अक्काचा प्रश्न नव्हता. सगळ्या कुळाच्या ताटातला होता.

"माह्या पोऱ्या हाये," अक्का म्हणाली.

"वहिनी, मी नाही म्हनत नाही. पन सगळे इचारतात. किती वर्सं भरायची?"

आबांनी मला हाक मारली. महिन्यापूर्वी त्यांच्या सांगण्यावरून मी त्या कंपनीला मेल केला होता, त्याचं उत्तर वाचून दाखवायला सांगितलं. मी मराठीत करून सांगितलं: खात्याबद्दल आम्ही फक्त खातेदाराशी बोलतो. लॉक दोनच वेळा निघतं. एक, खातेदारानं स्वतः मागितलं तर. दोन, खातेदार मयत झाल्याची नोंद होऊन खातं बंद झालं तर.

"म्हंजे लॉक शे तवलोंग त्यानं खातं शे," आबा म्हणाले. अहिराणीत शिरले होते: लॉक आहे तोवर त्याचं खातं आहे. "कोनी तरी तिकडून धरी ठेयेल शे. मी ते तोडाव नही, आन् तुम्हीबी तोडू नका. तेवढीच एक दोरी शे."

नानानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाला, "ठीक हाये. तुमचा शब्द आबा. लॉक हाये तोवर मूठ भरू. ज्या दिवशी लॉक निघंल त्या दिवशी पोराचा फोन आला पायजे. नाही आला तर मूठ बंद. वहिनी, कबूल?"

अक्का म्हणाली, "कबूल."

त्या वर्षी मूठ भरली. त्यानंतर अक्का शनिवारी यायची तेव्हा दांड्या येऊ नयेत म्हणून बघायची. आधी त्याच दांड्यांसाठी आस लावून बसायची. आबा म्हणायचे, "हाऊ आजून त्यानाच शे." हा अजून त्याचाच आहे. तिच्या तोंडावर हसू यायचं. मी लॉक तोडायची गोष्ट पुन्हा मनात आणली नाही.

पुढच्या वर्षीच्या आषाढातला तो शनिवार. आबांनी सिम घातलं. मी समोरून बघत होते. कोपऱ्यात एक दांडी उगवली. मग दुसरी. मग चारही. वर आपल्या इथल्या कंपनीचं नाव.

मी मूर्ख! मी टाळी वाजवली. "आबा, चालू झाला!" आणि टाळीचा आवाज संपायच्या आत मला तो मेल आठवला.

आबांनी सिम काढलं, पुसलं, परत घातलं. दांड्या. पुन्हा काढलं. पुन्हा दांड्या. "मी हात नाही लावला," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तू?"

"आई शप्पथ नाही, आबा."

 अक्कानं आपला बटणांचा छोटा फोन काढला, मागचं झाकण नखानं उघडलं आणि आतलं सिम आबांना दिलं. "माह्यं टाका. हा नंबर त्याले पाठ हाये. त्यानंच काढाले सांगतलं असंल तर तो फोन करीन ना."

आणि ती बसली. सकाळच्या साडेअकरापासून. मी चहा आणला, त्याच्यावर साय धरली. डबा पुढे केला, तिनं हात जोडले. आबांनी त्या दिवशी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. फोन टेबलाच्या मधोमध आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती. साडेतीनच्या सुमाराला तो वाजला. मी अक्षरशः उडाले. अक्कानं दोन्ही हातांनी उचलला, कानाला लावला. आवाज बाहेरपर्यंत येत होता. कॉलरट्यून लावण्यासाठी एक दाबा, असं कुणी बाई सांगत होती. अक्कानं ती सगळी जाहिरात शेवटपर्यंत ऐकली. "बरं बाई," म्हणाली आणि फोन खाली ठेवला. माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं, तिच्या नाही.

पाचच्या गाडीची वेळ झाली तशी ती उठली. पदर सारखा केला. मग म्हणाली, "आबा, एक इचारू? हे परत लावता येते का?"

"काय परत?" मी विचारलं.

"लॉक."

आबांनी भिंग काढलं. चष्मा काढला. इतकी वर्षं ज्या माणसानं गिऱ्हाईक तुटलं तरी, सोयऱ्यांसमोर कुणाची लाज गेली तरी फोनबद्दल शब्द फिरवला नाही, तो माणूस टेबलाकडे बघत बसला. मग म्हणाला, "येतं. वेळ लागेल. फोन इथेच राहू दे. पुढच्या शनिवारी या."

ती गेल्यावर मी बोळ ओलांडून गेले. "खरंच येतं का हो आबा?"

"नही माय. कोनालेच येत नही. एकदाव उघडं म्हंजे उघडंच."

"मग?"

"मग काय. मी लबाड बोलनू."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी माझ्याकडे नेलपॉलिश मागितली. स्वतःचं कधीचं बंद पडलेलं एक सिम काढलं, त्यावर लाल टिकली लावली, वाळवलं, सुपारीच्या डबीत ठेवलं. शनिवारी अक्कासमोर तेच घातलं. मेलेल्या सिमनं दांड्या कुठून येणार? पडद्यावर अक्षरं वेगळी आली, "नो सर्व्हिस", पण अक्काला काय कळणार. तिला दांड्या नाहीत एवढं दिसलं.

"लागलं, अक्का," आबा म्हणाले. "हाऊ आजून त्यानाच शे."

अक्कानं आबांच्या पायाला हात लावला. आबांनी पाय मागे घेतले.

तिनं घरी काय सांगितलं, मला माहीत नाही. नानाला आबांचा शब्द पुरेसा होता. त्या कानबाईला पोराच्या नावानं मूठ घेतली. फोन मात्र घरी नेला नाही, कुणी सिम घालून बघितलं तर? तो फळीवर राहिला. बारावा पाहुणा.

त्यानंतर आबा बदलले. फोनला गाव विचारायचं सोडलं. गिऱ्हाईक स्वतःहून म्हणायचं, "आबा, याचं गाव?" तर म्हणायचे, "असेल कुठलंतरी." फोन कानाला लावून बसणं बंद. आणि टेबल फिरवून घेतलं. आधी फळी त्यांच्या पाठीशी असायची, आता समोर. मी चिडवलं, "काय आबा, पाहुण्यांवर नजर ठेवता?"

"ऐकतस ते," म्हणाले. "पाठ नही करो."

हसत म्हणाले असते तर मी हसले असते.

थंडीत त्यांना खोकला लागला. धुळ्याला बहिणीकडे निघाले, चार दिवसांसाठी. जाताना सुपारीची डबी माझ्या काउंटरवर ठेवली. "शनिवारले अक्का येई. लाल टिकलीवालं टाकजो."

"मी? मला नाही जमायचं असलं खोटं बोलायला."

"रोज लोकेसले सर्व्हर डाऊन शे सांगस, ते?"

 डबी घेतली. आबा जिना उतरले, अर्ध्यावर थांबले, वर बघून म्हणाले, "तिले सांगताना डोयामा नको देखू." ते माझ्याशी बोललेलं शेवटचं. आठव्या दिवशी धुळ्याहून निरोप आला. झोपेतच गेले म्हणे. मी शटरला हार घातला आणि दिवसभर ढसाढसा रडले, उगाच कशाला लपवू.

बहिणीच्या मुलानं येऊन दुकान रिकामं केलं. अकरा पाहुणे एका पोत्यात गेले. बारावा मी आधीच उचलून आणला होता. तो माझ्या लॅमिनेशन मशीनच्या वरच्या कप्प्यात उभा राहिला. मी दर मंगळवारी पुसते, चार्ज करते, घड्याळ बदलत नाही. अक्का शनिवारी यायची. मी लाल टिकलीचं सिम घालायचे, फोनकडे बघत म्हणायचे, "नाही चालत, अक्का. अजून त्याचाच आहे." ती म्हणायची, "बरं." महिनोन् महिने असं चाललं. एकदाही मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

या श्रावणात, कानबाईच्या आदल्या शनिवारी, अक्कासोबत नाना आला.

जिन्यावर आधी त्याचं टोपीतलं डोकं दिसलं. डबी उघडून ठेवलेली. मी ती फायलीखाली सरकवली. नाना बसला, पाणी प्यायला. समोरच्या बंद शटरकडे बघून हात जोडले. मग म्हणाला, "ताई, राग मानू नका. आबा होते तोवर मी इचारलं नाही. आबांचा शब्द होता. आता कुळातले लोकं म्हनतात, एकदा डोयानं पाहून ये. आज दळन हाये, सगळे थांबले हायेत. आमच्या घरात मेलेल्याच्या नावची मूठ पडली तर ते चांगलं नाही. तुम्हीच सांगा."

"बरोबर आहे," मी म्हटलं. 

त्यानं स्वतःचा फोन काढला, टाचणीनं कप्पा उघडला आणि आपलं सिम माझ्या तळहातावर ठेवलं. "हे टाका. चालू सिम हाये. मले वाचता येते."

अक्का माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं की नाही, आबांनी काय केलं ते? आजही सांगता येणार नाही. फक्त तिची मूठ आवळलेली होती, काउंटरवर, माझ्या हाताशेजारी. मला वाटलं, पाडावा फोन खाली. सांगावं, बॅटरी गेली. सर्व्हर डाऊन आहे. पण नानाचं सिम माझ्या तळहातावर होतं. आबांनी माझ्यावर टाकलेलं एवढंसं काम आणि मी आता त्यांचं खोटं चारचौघांत उघडं पाडणार होते. या बाईच्या पोराला आज माझ्या काउंटरवर मारणार होते.

सिम घातलं. कप्पा लावला. पडदा उजळला, तिकडची वेळ, रात्रीचे दोन. नाना पुढे वाकला. मी डोळे मिटले.

"सिम," नाना अडखळत वाचू लागला, "सिम नॉट... सपोर्टेड."

मी डोळे उघडले. ती अक्षरं मी वर्षभरात बघितली नव्हती. मेलेल्या सिमनं ती येत नाहीत. ती फक्त लॉक असलं तरच येतात.

नानानं सिम काढलं, आपल्या फोनात घातलं. चार दांड्या. परत अक्काच्या फोनात. सिम नॉट सपोर्टेड. तीनदा केलं त्यानं. शेवटी मान हलवली, टोपी काढून मांडीवर ठेवली. "आबा खरंच बोलायचे," म्हणाला. "चला वहिनी. दळन थांबलं हाये. मूठ भरा."

अक्का उठली. मला म्हणाली, "काय म्हनते तो?"

मी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "नाही चालत, अक्का. अजून त्याचाच आहे."

"बरं," ती म्हणाली.

ते गेल्यावर मी माझं सिम काढून घातलं. तेच. शेजारच्या बॅगवाल्याचं मागून आणलं. तेच. कंपनीला मेल केला, त्यांचं उत्तर आलं: या फोनबद्दल आम्ही फक्त खातेदाराशी बोलतो. हे उत्तर पुन्हा पुन्हा वाचून मला त्याचा काय अर्थ लावावा ते कळत नाही. कंपनीचा काही गोंधळ असेल. नियम बदलला असेल. असेल बाबा. 

लाल टिकलीचं सिम मी कात्रीनं कापून टाकलं. आता त्याचं काही काम नाही. शनिवारी अक्का येते, मी माझं चालू सिम घालते आणि जे दिसतं ते सांगते.

पण नाना येऊन गेला त्या दिवशी, पाचच्या सुमाराला, दुकान आवरताना मी बोळात उभी राहिले. आबांच्या शटरवर माझा हार वाळून चिकटलेला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी शटरला तोंड लावलं आणि म्हटलं, "आबा, लॉक लागलं हो. तुम्ही लबाड नाही बोललात."